एका ॲपचा निरोप दुसऱ्या ॲपला: इंटेंट, फायली, यूपीआय, लिंका

सोनटक्का

दुकानदारांसाठीचं बिलाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर. किमान आवृत्ती ७, लक्ष्य आवृत्ती १४ (एपीआय ३४). स्वतःपुरतं नीट चालतं, दुसऱ्या ॲपशी बोलायची वेळ आली की अडतं. चार ठिकाणी:

१. बिलाची पीडीएफ शेअर केली तर जाते. पण 'उघडून बघा' बटणावर पीडीएफ वाचणारं ॲप रिकामं उघडतं.
२. पैसे घ्यायला फोनमधल्या यूपीआय ॲपची यादी दाखवायची आहे. अँड्रॉइड १० वर दिसते, ११ पासून पुढे कोरी.
३. आमच्या साइटवरची बिलाची लिंक ॲपमध्ये उघडायला हवी, ती ब्राउझरमध्ये जाते. विचारतसुद्धा नाही.
४. मालाच्या साठ्याचं आमचंच दुसरं ॲप आहे. त्याला या ॲपमधली बिलं वाचता यावीत, इतर कोणाला नाही.

इथे सगळं देवनागरीत लिहू. नेटवर शोधताना हीच नावं रोमन लिपीत टंकावीत.

गिरमिट

पहिल्या प्रश्नाआधी दोन ओळी पायाच्या, नाहीतर पुढचं अधांतरी राहील.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला लिनक्सचा वेगळा यूआयडी (वापरकर्ता-क्रमांक) मिळतो, १०००० पासून पुढे. त्यामुळे एकाच्या खाजगी फोल्डरात दुसऱ्याला डोकावता येत नाही. दोघांमधलं जवळजवळ सगळं बोलणं कर्नेलमधल्या (सिस्टीमच्या गाभ्यातल्या) बाइंडर नावाच्या ड्रायव्हरमधून जातं. इंटेंट ही बाइंडरवर बसवलेली सोय आहे: काय करायचं (ॲक्शन), कशावर (डेटा आणि माइम टाइप, म्हणजे फाइलचा प्रकार), सोबत काय (एक्स्ट्रा). ॲपला बाहेरून चार दारं असू शकतात: ॲक्टिव्हिटी (पडदा), सर्व्हिस (पडद्यामागचं काम), ब्रॉडकास्ट रिसीव्हर (घोषणा ऐकणारा), कंटेंट प्रोव्हायडर (डेटा देणारा). तुमचे चारही प्रश्न कुठलं दार, कोणासाठी आणि किती वेळ उघडं, यातलेच आहेत.

आता पीडीएफ. दोन शक्यता आहेत, बहुधा दोन्ही एकदम.

पहिली: 'सेट-डेटा' करून मग 'सेट-टाइप' केलंय का? सेट-टाइप आधीचा डेटा पुसून टाकतं, आणि सेट-डेटा आधीचा टाइप. दोन्ही हवे असतील तर 'सेट-डेटा-अँड-टाइप' हे एकच फंक्शन वापरायचं. नाहीतर वाचक ॲपला 'पीडीएफ उघड' एवढंच कळतं, कुठली ते कळत नाही.

दुसरी: वाचायची परवानगी. फाइलप्रोव्हायडर (फायली बाहेर द्यायचा तयार कंटेंट प्रोव्हायडर) जो 'कंटेंट' यूआरआय, म्हणजे फाइलचा पत्ता, देतो ती बिल्टी आहे. ट्रान्सपोर्टवाला माल हातात देत नाही, बिल्टी देतो, आणि ती दाखवून गोदामातून माल उचलायचा. पण तुमच्या बिल्टीवर शिक्का लागतो, 'ग्रँट-रीड-यूआरआय-परमिशन' हा फ्लॅग. तो नसेल तर समोरच्या ॲपमध्ये सिक्युरिटी एक्सेप्शन येतं, आणि बरीच ॲप ते गिळून कोरा पडदा दाखवतात.

मग शेअर का चालतं? ॲक्शन 'सेंड' (म्हणजे शेअर) असली की 'एक्स्ट्रा-स्ट्रीम'मधला यूआरआय सिस्टीम आपणहून क्लिपडेटातही (इंटेंटसोबतचा वेगळा कप्पा) घालते आणि फ्लॅगही लावते. 'व्ह्यू'साठी (उघडून बघायला) तसं होत नाही. यूआरआय एखाद्या स्वतःच्या नावाच्या एक्स्ट्रामध्ये घातला तर फ्लॅग लावूनही उपयोग नाही, कारण परवानगी फक्त डेटा आणि क्लिपडेटा यांतल्या यूआरआयला मिळते. तिथे क्लिपडेटा हातानं भरावा लागतो.

सोनटक्का

सेट-डेटा, मग सेट-टाइप. अगदी तसंच होतं. फ्लॅगही नव्हता.

फाइलप्रोव्हायडरची मांडणी बरोबर आहे ना ते कसं तपासायचं?

गिरमिट

मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टीमला सांगणारी फाइल) चार गोष्टी बघा. नाव अँड्रॉइडएक्सचं (गूगलची जोड-लायब्ररी). 'एक्सपोर्टेड' (बाहेरच्यांना उघडं) खोटं. 'ग्रँट-यूआरआय-परमिशन्स' खरं. आणि 'ऑथॉरिटीज' (प्रोव्हायडरची ओळख, यूआरआयमध्ये येते ती). ही शेवटची थेट लिहू नका, ॲप्लिकेशन-आयडीवरून बनवा. चाचणीचं आणि दुकानात गेलेलं अशी दोन्ही ॲप एकाच फोनवर ठेवायची झाली आणि ऑथॉरिटी सारखी असली, तर दुसरं इन्स्टॉलच होत नाही, 'कॉन्फ्लिक्टिंग प्रोव्हायडर' म्हणून नाकारलं जातं.

मग रस्त्यांची, म्हणजे कुठल्या फोल्डरातलं द्यायचं ते सांगणारी, एक्सएमएल फाइल. बिलं कॅशेमधल्या एका फोल्डरात ठेवत असाल तर 'कॅशे-पाथ' टॅग आणि फक्त तेवढंच फोल्डर. यादीत नसलेल्या जागेतली फाइल मागितली की 'फेल्ड टू फाइंड कन्फिगर्ड रूट' हे इल्लीगल-आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतं. ते आलं की लोक वैतागून 'रूट-पाथ' टाकतात. तसं करू नका. एका बिलासाठी अख्ख्या गोदामाची किल्ली कशाला?

आणि शेअर झाल्या झाल्या 'ऑन-रिझ्यूम'मध्ये (पडदा पुन्हा समोर येताना) फाइल पुसू नका. समोरचं ॲप ती कधी वाचेल हे आपल्या हातात नसतं. ॲप उघडताना एक दिवसापेक्षा जुन्या फायली साफ करणं पुरतं.

रहाटगाडगं

दाराच्या पलीकडच्या बाजूचंही लिहितो, कारण हे ॲप उद्या फायली घेऊ लागेल.

आलेल्या यूआरआयवरून फाइलचा 'खरा रस्ता' शोधायच्या नादी लागू नका. नेटवर त्याचे लांबलचक कोड फिरतात, ते अर्ध्या फोनवर चालत नाहीत. कंटेंट रिझॉल्व्हरकडून इनपुट स्ट्रीम उघडायचा आणि प्रत करून घ्यायची. तीही लगेच. सेंडमधून मिळालेली परवानगी ती घेणाऱ्या ॲक्टिव्हिटीच्या आयुष्यापुरती असते. यूआरआय डेटाबेसात ठेवून रात्री वर्कमॅनेजरनं (काम नंतर करवून घेणारी सोय) वाचायला गेलात तर सिक्युरिटी एक्सेप्शन. कायमची परवानगी हवी असेल तर 'ओपन-डॉक्युमेंट'नं वापरकर्त्याकडूनच फाइल निवडून घ्या आणि 'टेक-पर्सिस्टेबल' करून ठेवा.

फाइलचं नाव आणि आकार 'ओपनेबल कॉलम्स'मधून मिळतं. आकार रिकामा असू शकतो. आणि नावावर विश्वास ठेवायचा नाही. पाठवणारं ॲप नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून 'एक फोल्डर वर जा' असं सांगू शकतं. घेणारं ॲप त्या नावानं फाइल लिहायला गेलं की स्वतःचीच सेटिंगची फाइल खोडून बसतं. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा गटानं २०२४ साली हा प्रकार 'डर्टी स्ट्रीम' या नावानं जाहीर केला, आणि त्यात भरपूर वापराची ॲपही सापडली होती. उपाय साधा: नाव आपण ठरवायचं, आलेलं नाव फक्त पडद्यावर दाखवायला.

ताकपिठ्या

दुसरा प्रश्न माझ्याकडे. यादी कोरी यायचं कारण अँड्रॉइड ११ (२०२०). तेव्हापासून लक्ष्य आवृत्ती ३० किंवा वर असलेल्या ॲपला फोनमधली बाकीची ॲप मुळात दिसतच नाहीत. 'क्वेरी-इंटेंट-ॲक्टिव्हिटीज' रिकामी यादी देतं, 'रिझॉल्व्ह-ॲक्टिव्हिटी' नल (काहीच नाही) देतं. आपल्याला वाटतं ॲप नाही, पण ते असतं.

मॅनिफेस्टमध्ये, ॲप्लिकेशन टॅगच्या बाहेर, 'क्वेरीज' टॅग घाला. त्यात इंटेंट: ॲक्शन 'व्ह्यू', डेटाची स्कीम (लिंकेचा सुरुवातीचा शब्द) 'यूपीआय'. बस. एकेका ॲपच्या पॅकेजची नावं लिहित बसू नका, नवं ॲप आलं की तुमची यादी शिळी.

रहाटगाडगं

मुळात यादी बनवायचीच कशाला? थेट 'स्टार्ट-ॲक्टिव्हिटी' करा आणि 'ॲक्टिव्हिटी-नॉट-फाउंड' पकडा. त्याला दिसण्या-न दिसण्याची अट लागत नाही, क्वेरीज नसलं तरी समोरचं ॲप उघडतं. आधी विचारायचं आणि मग करायचं, यात दोन ठिकाणी चुकायची सोय.

ताकपिठ्या

पीडीएफ किंवा नकाशासाठी शंभर टक्के मान्य. पैशांच्या बाबतीत नाही. एखाद्यानं पूर्वी कधीतरी 'नेहमी याच ॲपनं उघडा' दाबलेलं असतं, त्यात आता खातंच जोडलेलं नसतं, आणि तो अडकतो. गल्ल्यासमोर रांग असताना 'सेटिंगमध्ये जाऊन डीफॉल्ट काढा' असं सांगता येत नाही. स्वतःची यादी दाखवली, निवडलेल्या ॲपचं पॅकेज इंटेंटवर लावलं, की हा गुंता संपतो.

पण 'क्वेरी-ऑल-पॅकेजेस' परवानगी मात्र घेऊ नका. प्ले स्टोअर तिच्यासाठी वेगळं कारण लिहून मागतं, आणि 'यूपीआयची यादी दाखवायची आहे' हे कारण टिकणार नाही, कारण तेवढ्यासाठी क्वेरीज पुरतं.

रहाटगाडगं

यूपीआयपुरतं मान्य.

ताकपिठ्या

आता इंटेंटमधून यूपीआय ॲपला जाणाऱ्या लिंकेचं पोट. 'पीए' म्हणजे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, 'पीएन' नाव, 'एएम' रक्कम, 'सीयू' चलन (आयएनआर), 'टीएन' टीप, 'टीआर' आपला व्यवहार क्रमांक, 'एमसी' व्यापाऱ्याचा वर्ग-कोड. रक्कम दोन दशांशांत: २५० नव्हे, २५०.००. आणि इथे एक देशी खड्डा आहे. फोनची भाषा मराठी असली की 'स्ट्रिंग-फॉरमॅट' आकडे देवनागरीत छापू शकतं. '२५०.००' देवनागरीत गेलं की समोरचं ॲप रक्कम चुकीची म्हणून परतवतं. फॉरमॅट करताना लोकॅल (भाषा-प्रदेश) 'रूट' असं स्पष्ट द्या. (हा धागा देवनागरी आकड्यांत आहे, लिंक तशी बनवू नका.) नावातल्या मोकळ्या जागा आणि 'आणि'चं चिन्ह एन्कोड करा. 'पाटील अँड सन्स'मधलं ते चिन्ह तसंच राहिलं तर नाव 'पाटील'वर तुटतं आणि उरलेलं पुढच्या खान्यात घुसतं.

'टीआर' प्रत्येक प्रयत्नाला नवा. बिल क्रमांकच वापरला तर पहिला प्रयत्न फसल्यावर दुसऱ्यांदा 'हा व्यवहार आधीच झालाय' अशा अर्थाचा नकार येऊ शकतो. बिल क्रमांकाला प्रयत्नाचा आकडा जोडा.

उत्तराचं: इंटेंटच्या 'रिस्पॉन्स' एक्स्ट्रामध्ये एक लांब स्ट्रिंग येते, 'स्टेटस', 'टीएक्सएन-आयडी', 'रिस्पॉन्स-कोड' वगैरे जोड्यांची. या किल्ल्यांची मोठी-लहान अक्षरं ॲपागणिक बदलतात, म्हणून तुलना करताना सगळं लहान लिपीत आणा. ॲक्टिव्हिटीचा निकाल 'ओके' आला म्हणजे पैसे आले असं नाही, आत 'फेल्युअर' असू शकतं. मागे दाबून कोणी परतलं तर डेटाच नल. आणि 'सबमिटेड' म्हणजे बँकेकडे विचाराधीन. त्याला 'फसलं' म्हणून दाखवलं की गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरतं, आणि मग भांडण दुकानदाराच्या दारात.

'न्यू-टास्क' फ्लॅग लावून निकाल मागितला तर 'कॅन्सल्ड' तत्काळ परत येतं, पैशांचा पडदा दिसायच्याही आधी. हे फार जण बँकेच्या माथी मारतात.

सगळ्यात मुख्य: ही स्ट्रिंग पुरावा नव्हे. फोनवरचं कुठलंही ॲप 'यूपीआय' स्कीमचा इंटेंट फिल्टर (कुठले इंटेंट घेतो ते सांगणारी मॅनिफेस्टमधली नोंद) लावून तुमच्या यादीत बसू शकतं आणि 'स्टेटस = सक्सेस' लिहून परत देऊ शकतं. बिल 'जमा' करायचं ते बँकेच्या किंवा पेमेंट सेवेच्या सर्व्हरनं तुमच्या सर्व्हरला 'टीआर'वरून सांगितल्यावरच.

कुळीथ

ताकपिठ्यांना पुरवणी: घेणाऱ्याचा पत्ता साधा बचत खात्याचा असेल, व्यापारी म्हणून नोंदलेला नसेल, तर ॲपमधून लिंकेनं पाठवलेले पैसे बरीच यूपीआय ॲप 'सुरक्षेच्या कारणास्तव' म्हणून नाकारतात. तोच पत्ता क्यूआर कोडनं चालतो म्हणून कोडात चूक शोधत बसू नये. व्यापारी खातं हाच उपाय.

अबोली_१२

तिसरा प्रश्न, लिंक. अँड्रॉइड १२ (२०२१) पासून नियम कडक झाला: डोमेन तुमचं आहे हे सिद्ध झालेलं नसेल तर वेबची लिंक सरळ ब्राउझरमध्ये जाते, निवडायची चौकट येत नाही. म्हणजे तुमची पडताळणी फसलेली आहे.

लागतं ते असं. इंटेंट फिल्टरवर 'ऑटो-व्हेरिफाय' खरं, ॲक्शन व्ह्यू, कॅटेगरी 'डीफॉल्ट' आणि 'ब्राउझेबल' दोन्ही, स्कीम एचटीटीपीएस आणि होस्ट. साइटवर 'डॉट-वेल-नोन' फोल्डरात 'ॲसेटलिंक्स' नावाची जेसन फाइल, तिच्यात पॅकेजचं नाव आणि सहीच्या सर्टिफिकेटचा शा-२५६ ठसा (ती सही ओळखायचा आकडा).

चूक कुठे असते ते मी ज्या क्रमानं तपासते त्या क्रमानं:

ठसा कुठला दिलाय? प्ले स्टोअरची सही वापरत असाल (नव्या ॲपना ती लागतेच) तर फोनवर उतरलेल्या ॲपवर गूगलकडच्या किल्लीची सही असते, तुमच्या संगणकावरच्या अपलोड किल्लीची नाही. ठसा प्ले कन्सोलच्या ॲप-सही पानावरून उचलायचा. चाचणीसाठी दोन्ही ठसे एकाच फाइलमध्ये चालतात.

फाइल एखाद्या रीडायरेक्टमागे आहे का? साध्या डोमेनवरून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'वर वळवलं असेल तर पडताळणी तिथेच संपते. ब्राउझरमध्ये फाइल दिसते म्हणून सगळे फसतात, कारण ब्राउझर वळण घेतो आणि पडताळणारा घेत नाही. फिल्टरमध्ये दोन्ही होस्ट असतील तर दोन्हीकडे फाइल हवी. अँड्रॉइड ११ आणि मागे तर यातला एक होस्ट फसला तरी सगळेच फसतात.

उत्तराचा कंटेंट-टाइप 'ॲप्लिकेशन/जेसन' आहे का? आणि फाइल लॉगिनमागे, किंवा फक्त भारतातल्या आयपीला दिसणारी तर नाही ना?

मग फोन जोडून एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायची सोय) पीएमची 'गेट-ॲप-लिंक्स' आज्ञा, पुढे पॅकेजचं नाव. होस्टसमोर 'व्हेरिफाइड' हवं. '१०२४' किंवा त्यापुढचा आकडा म्हणजे पडताळणाऱ्याची चूक, बहुतेक वेळा फाइल मिळाली नाही किंवा ठसा जुळला नाही. दुरुस्ती करून 'व्हेरिफाय-ॲप-लिंक्स' ही आज्ञा 'री-व्हेरिफाय' पर्यायासकट चालवा आणि किमान २० सेकंद थांबा. लगेच बघितलं तर जुनंच दिसतं.

सोनटक्का

दोन्ही चुका सापडल्या. ठसा अपलोड किल्लीचा होता आणि साधं डोमेन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर वळत होतं. आता 'व्हेरिफाइड'.

पण ॲप आधीच उघडं असताना दुसरी लिंक दाबली तर जुनंच बिल दिसतं.

अबोली_१२

लाँच मोड 'सिंगल-टॉप' किंवा 'सिंगल-टास्क' असणार. मग नवा इंटेंट 'ऑन-क्रिएट'ला येत नाही, 'ऑन-न्यू-इंटेंट'ला येतो. तिथे 'सेट-इंटेंट' केलं नाही तर 'गेट-इंटेंट' जुनाच देत राहतं.

आणि लिंकेतून आलेला बिल क्रमांक सर्व्हरला विचारताना हे बिल याच लॉगिनचं आहे ना ते सर्व्हरवरच तपासा. लिंकेतला पत्ता जसाच्या तसा वेबव्ह्यूत (ॲपच्या आतला ब्राउझर) उघडायचा असेल तर होस्ट पूर्ण जुळवून. 'आपल्या नावानं सुरू होतो' एवढी तपासणी पुरत नाही, कारण तुमच्या नावापुढे टिंब देऊन कोणीही स्वतःचं डोमेन जोडू शकतो.

पडवळ

हे सगळं टाळायला फायरबेसच्या (गूगलची सेवा) डायनॅमिक लिंक्स वापरता येतील का?

अबोली_१२

नाही. ती सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. जुन्या लेखांमध्ये अजून सुचवलेली दिसते.

कुळीथ

चौथा प्रश्न: आपली दोन ॲप, मधे बिलं.

जुन्या उत्तरांत 'शेअर्ड-यूजर-आयडी' (दोन ॲपना एकच यूआयडी) सापडेल. तो अँड्रॉइड १० पासून मोडीत काढलाय, नव्या ॲपला लावू नका. कंटेंट प्रोव्हायडर घ्या आणि त्याला 'सिग्नेचर' पातळीची परवानगी लावा. अशी परवानगी फक्त त्याच किल्लीनं सही केलेल्या ॲपला मिळते, वापरकर्त्याला विचारलं जात नाही. वाचायची आणि लिहायची परवानगी वेगळी ठेवा, साठ्याच्या ॲपला वाचायचीच द्या. दोन्ही ॲपची प्ले स्टोअरवरची सही एकच आहे ना ते आधी बघा. दर ॲपला वेगळी किल्ली बनली असेल तर ही वाट बंद.

परवानगीची व्याख्या दोन्ही ॲपमध्ये लिहा, म्हणजे कुठलं आधी बसवलं यानं फरक पडत नाही. नाव तुमच्या डोमेनवरून ठेवा. त्याच नावाची परवानगी दुसऱ्या किल्लीच्या ॲपनं आधीच नोंदवलेली असेल तर तुमचं इन्स्टॉल होत नाही. आणि साठ्याच्या ॲपमध्ये वर सांगितलेला क्वेरीज टॅग याही ऑथॉरिटीसाठी लागेल, नाहीतर प्रोव्हायडर 'सापडत नाही'.

आतल्या बाजूला तीन गोष्टी. प्रोव्हायडरचं 'क्वेरी' बाइंडरच्या थ्रेडवर चालतं, मुख्य थ्रेडवर नाही, आणि एकदम अनेक थ्रेडवर चालू शकतं. सामायिक चल असतील तर कुलूप लावा. दुसरं, बाहेरून आलेलं 'सिलेक्शन' जसंच्या तसं एसक्यूएलला जोडू नका, किमती 'सिलेक्शन-आर्ग्ज'मधून आणि कॉलम ठरावीक यादीतूनच. तिसरं, प्रोव्हायडरचं 'ऑन-क्रिएट' ॲप्लिकेशनच्या ऑन-क्रिएटच्याही आधी धावतं. तिथे डेटाबेस उघडू नका, पहिली क्वेरी येईल तेव्हा उघडा.

बिल बदललं की 'नोटिफाय-चेंज', आणि पलीकडे कंटेंट ऑब्झर्व्हर. दर मिनिटाला विचारत बसायची गरज नाही.

पडवळ

एवढ्याशा कामाला प्रोव्हायडर? इंटेंटच्या एक्स्ट्रामध्ये बिल आणि त्याचा फोटो बेस-६४ करून (अक्षरांत बदलून) टाकला तर?

गिरमिट

हिशेब करून बघू. बाइंडरची पेटी १ एमबी, तीही अख्ख्या प्रोसेसला मिळून. त्या क्षणी चालू असलेले सगळे व्यवहार तिच्यातच बसतात. फोटो ३०० केबीचा. बेस-६४ केल्यावर एक तृतीयांशानं वाढून ४०० केबी, म्हणजे सुमारे ४ लाख अक्षरं. पार्सलमध्ये (बाइंडरमधून जाणारं गाठोडं) स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते, एका अक्षराला २ बाइट. झाले ८०० केबी. तुमच्या टेबलावर चालेल, दुकानदाराच्या फोनवर त्याच क्षणी दुसरं काही चालू असेल तर 'ट्रान्झॅक्शन-टू-लार्ज'. आणि हे एक्सेप्शन कधी येतं, कधी येत नाही, म्हणून सापडत नाही.

अँड्रॉइड ७ च्या आधी स्क्रीनची स्थिती जपताना ही चूक नुसती लॉगमध्ये नोंदून सोडून दिली जायची, ७ पासून ॲप पडतं. स्क्रीनची स्थिती ५० केबीच्या आत ठेवा अशी गूगलचीच सूचना आहे.

त्यामुळे एक्स्ट्रामध्ये बिल्टी, माल गोदामात. प्रोव्हायडरच्या 'ओपन-फाइल'मधून फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा हवाला) द्या, फोटो १० एमबीचा असला तरी पेटीतून फक्त डिस्क्रिप्टर जातो. याच कारणानं तक्त्याच्या एका ओळीत मोठा ब्लॉबही (फोटोसारखा कच्चा डेटा) ठेवू नका: कर्सरची खिडकी, जिच्यातून क्वेरीचा निकाल येतो ती, साधारण २ एमबीची, एक ओळ तीत मावली नाही की वाचताच येत नाही.

खारवट

प्रोव्हायडरऐवजी एआयडीएल सर्व्हिस का नको? एआयडीएल म्हणजे सरळ फंक्शन कॉल.

कुळीथ

सतत संवाद असेल तर चालेल, उदा. छपाईयंत्राशी बोलणारं वेगळं ॲप. इथे तक्ता वाचायचा आहे, प्रोव्हायडर त्यासाठीच आहे.

सर्व्हिस केलीत तर लक्षात ठेवा: बाइंड करताना इंटेंटवर पॅकेज किंवा कंपोनंट स्पष्ट हवं, अँड्रॉइड ५ पासून मोघम इंटेंटनं बाइंड केलं की एक्सेप्शन. एआयडीएलचे कॉल अनेक थ्रेडवर येतात. एकामागून एक हवे असतील तर मेसेंजर (निरोप रांगेत देणारी सोय) सोपा. पलीकडची प्रोसेस कधीही मरू शकते, तेव्हा 'डेड-ऑब्जेक्ट' एक्सेप्शन पकडा आणि 'लिंक-टू-डेथ' लावा. आणि एआयडीएलच्या फाइलमध्ये नवं फंक्शन नेहमी शेवटी घाला. क्रमांक क्रमावरून ठरतात. मधे घुसवलं आणि एकच ॲप अपडेट झालं, तर 'बिल दाखव'चा कॉल 'बिल पुस'वर जाऊन पडायचा.

रहाटगाडगं

मॅनिफेस्ट उघडलंच आहे तर दारांच्या कड्याही बघून घ्या. लक्ष्य ३४ असल्यामुळे हे सगळं लागू आहे.

'एक्सपोर्टेड' स्पष्ट लिहिणं अँड्रॉइड १२ पासून सक्तीचं, जिथे इंटेंट फिल्टर आहे तिथे. नसेल तर इन्स्टॉल होत नाही. त्रास टाळायला सगळीकडे 'खरं' लिहिणारे महाभाग आहेत. बाहेरून फक्त लाँचर, लिंक आणि शेअर घेणाऱ्या ॲक्टिव्हिटी उघड्या हव्यात.

पेंडिंग इंटेंटला (आपल्या नावे दुसऱ्यानं नंतर चालवायचा इंटेंट) बदलता येणारा की न येणारा हे सांगावंच लागतं, तेही १२ पासून. 'इम्म्यूटेबल' द्या. बदलता येणारा लागतो तो नोटिफिकेशनमधूनच उत्तर टंकायची सोय द्यायची असेल तिथे, आणि तेव्हा आतला इंटेंट नेमक्या कंपोनंटचा हवा. १४ मध्ये मोघम इंटेंट आणि बदलता येणारा ही जोडी एक्सेप्शनच देते. शिवाय दोन पेंडिंग इंटेंट वेगळे आहेत का हे ठरवताना एक्स्ट्रा बघितलेच जात नाहीत. पाच बिलांची पाच नोटिफिकेशन आणि पाचही दाबली की एकच बिल, याचं कारण हे. रिक्वेस्ट कोड वेगळा द्या, बिलाचा आकडाच घाला.

कोडमधून नोंदवलेल्या ब्रॉडकास्ट रिसीव्हरला १४ मध्ये 'एक्सपोर्टेड' किंवा 'नॉट-एक्सपोर्टेड' फ्लॅग हवाच. मॅनिफेस्टमधल्या रिसीव्हरला तर ८ पासूनच मोघम ब्रॉडकास्ट मिळत नाहीत, फोन चालू झाल्याचा आणि असे मोजके अपवाद सोडून. दोन ॲपमध्ये ब्रॉडकास्ट पाठवायचाच असेल तर पॅकेज लावून आणि तीच सिग्नेचर परवानगी लावून.

राहिला एक, आणि तो नजरेतून हमखास सुटतो. उघडी ॲक्टिव्हिटी एक्स्ट्रामधून दुसरा इंटेंट घेते आणि लॉगिन झाल्यावर तो जसाच्या तसा चालवते, असा कोड आहे का? मग तुमचे बंद ठेवलेले सगळे पडदे बाहेरच्याला उघडे, कारण तो इंटेंट तुमच्याच ओळखीवर चालतो. आतला इंटेंट घेऊच नका. 'लॉगिननंतर कुठे जायचं' ते एका ठरावीक शब्दानं सांगा. घ्यावाच लागला तर अँड्रॉइडएक्समधला 'इंटेंट-सॅनिटायझर' लावा.

मेथकूट

आयओएसवर यातलं काय चालतं? तेच ॲप तिकडे न्यायचं झालं तर?

अबोली_१२

लिंका चालतात, युनिव्हर्सल लिंक या नावानं, आयओएस ९ (२०१५) पासून. साइटवरच्या फाइलचं नाव आणि मांडणी वेगळी, रीडायरेक्ट तिथेही चालत नाही. आयओएस १४ पासून फोन ती फाइल थेट तुमच्या सर्व्हरवरून न घेता ॲपलच्या सीडीएनवरून (प्रती ठेवणारे सर्व्हर) घेतो, त्यामुळे बदल लगेच दिसत नाही. चाचणीपुरतं असोसिएटेड डोमेनपुढे 'मोड=डेव्हलपर' लावलं की थेट जातं. लिंक सफारीच्या पत्त्याच्या पट्टीत टंकून तपासू नका, तशी ती ॲप उघडतच नाही. नोट्समध्ये लिहून दाबा.

आपल्याच दोन ॲपमध्ये फायली आणि सेटिंग वाटायला ॲप ग्रुप आहे, अट एकच, दोन्ही एकाच डेव्हलपर टीमची. शेअरच्या यादीत यायचं तर शेअर एक्स्टेन्शन, ती वेगळी प्रोसेस असते आणि तिला मेमरी कमी मिळते. मोठी पीडीएफ पूर्ण मेमरीत घेतली की ती गुपचूप मारली जाते.

ताकपिठ्या

यूपीआयचं मात्र तिथे वेगळंच आहे. एकच स्कीम अनेक ॲपनी नोंदवली तर कुठलं उघडेल याची हमी नाही, आणि निवडायची चौकट नाही. म्हणून तिथे प्रत्येक यूपीआय ॲपची स्वतःची स्कीम वापरावी लागते. ती बसवलेली आहे का हे विचारायला इन्फो-पीलिस्टमध्ये (आयओएस ॲपची माहितीची फाइल) आधी नोंद हवी, आणि अशा नोंदी ५० च. मी अँड्रॉइडवर नको म्हटलेली हाताची यादी तिथे करावीच लागते. आणि इंटेंटसारखं उत्तर परत येत नाही, 'ॲप उघडलं' एवढंच कळतं. पुढचं सगळं सर्व्हरकडून.

सोनटक्का

पहिले तीन मार्गी लागले, प्रोव्हायडर लिहायला घेतलाय. नोटिफिकेशनचा गोंधळही होता, रिक्वेस्ट कोड सगळीकडे शून्य.

एक किरकोळ राहिलं: गॅलरीतून बिलाला फोटो जोडायला आमचं ॲप शेअरच्या यादीत दिसतं. पण दोन फोटो निवडले की यादीतून गायब होतं.

गिरमिट

फिल्टरमध्ये फक्त 'सेंड' आहे. 'सेंड-मल्टिपल'साठी आणखी एक फिल्टर घाला, माइम टाइप 'इमेज/तारांकन', कॅटेगरी डीफॉल्ट. तिथे एक्स्ट्रा-स्ट्रीममध्ये एक यूआरआय नसतो, यादी असते. एकाच कोडनं दोन्ही वाचायला गेलात तर नल मिळेल. वाचताना अँड्रॉइडएक्सचं 'इंटेंट-कंपॅट' वापरा, जुनी फंक्शनं अँड्रॉइड १३ पासून मोडीत आहेत. आणि कोणी ४० फोटो निवडले तर प्रत मुख्य थ्रेडवर करू नका.